गुरुसिद्ध, ते वाक्य मी काढलं होतं

गुरुसिद्ध,

विभागाच्या वार्षिकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो. दोन पानं लिहिलीही. तू कधी नोकरीला लागलास, कुठल्या प्रयोगशाळेत होतास, किती मनमिळाऊ होतास. वाचून पाहिली तर त्यात खोटं काही नव्हतं, पण नाव बदलून ती कुणावरही चालली असती. ती बाजूला ठेवली. हे दुसरं लिहितोय. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

तुला माती देऊन तेवीस दिवस झाले. मी गडहिंग्लजला आलो होतो. तुमच्या रिवाजाप्रमाणे तुला मांडी घालून बसवलं होतं, कपाळाला विभूती लावली होती. माझ्या डोळ्यांसमोर तू येतोस तो पाठमोरा, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे तोंड करून बसलेला. समोरून इतका वेळ मी तुझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. काही बोलायला हवं होतं, पण लोक खूप होते, आणि खरं सांगायचं तर लोक नसते तरी मी बोललो नसतो.

आपलं काम काय होतं हे वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. डझनभर देशांतली विद्यापीठं एकत्र येऊन एक मोठा प्रयोग करत होती. शेकडो माणसं, त्यातली बहुतेक एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. आपल्या कोल्हापूरच्या वाट्याला डिटेक्टरच्या, म्हणजे सूक्ष्म कणांची खूण टिपणाऱ्या, पेट्या आल्या होत्या. काचेच्या सपाट पेट्या, आत वायू भरायचा, वरून हजारो व्होल्टचा दाब द्यायचा आणि त्या नीट चालतात का ते पाहून परदेशी पाठवायच्या. मी या गटाचा प्रमुख, तू तंत्रज्ञ. इतक्या लांबच्या लोकांना एकत्र बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे लिहिणं. प्रत्येकानं केलेलं काम विकीवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या त्या सामाईक पानांवर, लिहायचं. मेलिंग लिस्टवर कळवायचं. सोमवारच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये त्या पानांवरच बोलणं व्हायचं. पान नसेल तर काम नाही, असा तिथला कायदा. आणि एक रिवाज होता, तो तुला सगळ्यात आवडायचा. चुकलेलं खोडायचं नाही. चूक आहे तशी ठेवायची, तिच्याखाली दुरुस्ती लिहायची आणि स्वतःचं नाव घालायचं.

विकीवर एक तक्ताही होता. त्यात प्रत्येक संस्थेची एक ओळ. काम वेळेवर असलं तर ओळ हिरवी, मागं पडलं की पिवळी, फारच मागं पडलं की लाल. सोमवारची मीटिंग त्या तक्त्यानं सुरू व्हायची. त्या पावसाळ्यात आपली ओळ पाच आठवडे लाल होती. तुला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं. मी शुक्रवारपर्यंत बारा पेट्या तयार होतील असं मीटिंगमध्ये सांगून बसलो होतो.

त्या आठवड्यात साडूच्या घराच्या वास्तुशांतीला मी चंदगडला गेलो. चंदगडचा जुलै काय असतो ते तुला माहीत आहे. घरात फोनला रेंज नव्हती म्हणून मी एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये येऊन तुला फोन लावला. तू जेवायला क्वार्टरवर गेला होतास. पेट्यांना व्होल्टेज थोडं थोडं करून चार-पाच दिवसांत चढवायचं असतं, आणि हवा दमट असेल तर त्याहून सावकाश. मी तुला म्हणालो की आज दुपारीच पूर्ण चढव. तू नको म्हणालास. मी पुन्हा सांगितलं. पत्र्यावर पाऊस इतका होता की दोघंही ओरडून बोलत होतो. शेवटी तू म्हणालास, करतो, पण लिहून ठेवतो. मी म्हणालो, ठेव.

तू केलंस आणि लिहून ठेवलंस. त्या पानावरची तुझी नोंद मला पाठ आहे. तुझं इंग्रजी म्हणजे विटेवर वीट, मध्ये सिमेंट नाही, पण अर्थ हलायचा नाही. त्याचा मराठीत अर्थ असा: ‘हवेत ओल जास्त. व्होल्टेज एकाच दुपारी पूर्ण चढवलं. सरांनी फोनवर सांगितलं म्हणून. मला हे पटत नाही.’

शुक्रवारी आपली ओळ हिरवी झाली. पेट्या गेल्या.

सात-आठ महिन्यांनी तिकडून कळलं की कोल्हापूरच्या बाराही पेट्यांमध्ये जागोजाग काही उमटत नाही. त्या जागा मेल्या आहेत. पेट्या उघडल्या तेव्हा आतला थर भाजलेला निघाला. चौकशी लागली. प्रयोगाची सगळी कागदपत्रं एलेना नावाची बाई सांभाळायची. तिनं मेल पाठवला की सोमवारी कोल्हापूरचं पान उघडून एकेक नोंद पाहू.

रविवारी मी विभागात आलो आणि ते पान उघडलं. पानाचा मालक म्हणून मला ते बदलायचा अधिकार होता, आणि तुझं इंग्रजी मी अधूनमधून सुधारायचोही, त्यामुळे कुणाला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मी चार-पाच ठिकाणी व्याकरण सुधारलं. मग ती शेवटची दोन वाक्यं काढून टाकली. खरं तर मला एकच खुपत होतं, फोनचं. पण ते काढलं की पुढचं ‘मला पटत नाही’ लोंबकळत राहत होतं, म्हणून तेही काढलं. बदल साठवताना विकी कारण विचारतं. त्या चौकटीत मी लिहिलं, भाषेची सुधारणा.

इथवर मी स्वतःला काही ना काही सांगू शकतो. घाबरलो होतो, गटाचं नाव जाईल, पुढचं अनुदान जाईल. सोमवारबद्दल मात्र काही सांगता येत नाही.

सोमवारी तू माझ्या शेजारी बसला होतास. माइकचं बटण माझ्या हाताशी होतं. एलेनानं विचारलं, व्होल्टेज असं चढवायचं कुणी ठरवलं. मी बोललो नाही. तू माझ्याकडे पाहिलंस, मग स्वतःच पुढं वाकून शांतपणे सांगितलंस की पान आहे, त्यावर लिहिलं आहे. तुझी त्या पानावर भिस्त होती. एलेनानं ते पान सगळ्यांना दिसेल असं पडद्यावर आणलं. तू वाचलंस. परत एकदा वाचलंस. मग मागं टेकून बसलास. पुढं कुणी काही विचारलं नाही. नोंद तुझी होती, नाव तुझं होतं, आणि दुसऱ्या कुणाचं नाव त्यात नव्हतं.

मीटिंग संपल्यावर व्हरांड्यात तू मला गाठलंस. मी वाट पाहत होतो की आता तू विचारशील. तू म्हणालास, “सर, मी लिवलंतं की. माझ्याच हातनं सेव्ह करायचं राहिलं असंल.”

मी म्हणालो, “होतं असं कधीकधी.”

हे माझे शब्द. गेली अठरा वर्षं मी त्यांच्यासाठी दुसरे शब्द शोधतो आहे.

त्यानंतर कुठलीही नोंद केलीस की तू पान बंद करून पुन्हा उघडायचास, वाक्य आहे ना ते पाहायचास. ते पाहून विभागातले इतर लोक हसायचे. मी हसायचो नाही, पण थांबवलंही नाही.

आणखी एक गोष्ट या लेखात यायलाच हवी, कारण ती कुणालाच माहीत नाही. डिटेक्टरवरच्या मुख्य शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये तंत्रज्ञांची नावंही घालायची, असं ठरलं होतं. आपल्या विभागातून तुझं नाव मीच सुचवलं होतं, आणि तू ते घरी सांगितलंही होतंस. त्या सोमवारनंतर मी ते नाव मागं घेतलं. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझं नाव यादीत दिसलं तर कुणीतरी पुन्हा त्या पेट्यांचा विषय काढेल, एवढीच माझी भीती. तुला मी सांगितलं की नियम बदलले. तू म्हणालास, असू दे की सर. गडहिंग्लजला लोक विचारायचे तेव्हा तू यादी लांबली म्हणून सांगायचास, हे मला फार नंतर कळलं.

पेट्यांवरून तुला काढून मी कागदपत्रांच्या कामावर टाकलं. ती शिक्षा होती, आणि सगळ्यांना ती तशीच दिसली. तू मात्र ते काम असं केलंस की वर्षा-दोन वर्षांत तिकडचे लोकही काही सापडेनासं झालं की ‘गुरुसिद्धला विचारा’ असं मेलिंग लिस्टवर लिहू लागले. सोमवारच्या मीटिंगचं टिपण तू काढायचास. त्यात कोण काय बोललं हे तर असायचंच, कोण बोललं नाही हेही असायचं. ‘कोल्हापूर: हजर, बोलले नाहीत. वीज गेली. परत आली.’ तिकडच्या एका मोठ्या माणसानं तक्रार केली की आपल्या गप्प राहण्याची नोंद कशाला. तू उत्तर दिलंस की तुम्ही बोलला असतात तर बोलण्याची केली असती.

त्या म्हशीच्या मेलबद्दल लिहायला हरकत नाही, कारण ती गोष्ट अजूनही सांगितली जाते. थोरल्या भावाला पाठवायचा मेल तू चुकून सगळ्या मेलिंग लिस्टला पाठवलास. ‘अण्णा, म्हैस विकू नको, मी शनिवारी येतो.’ शेकडो माणसांना गेला. तासाभरात कुठून तरी विचारणा आली की म्हैस हा नवा उपविभाग आहे का, आणि त्याचा प्रमुख कोण. तू कान लाल करून बसला होतास. एलेनानं कुणाकडून तरी अर्थ लावून घेतला आणि सगळ्यांना कळवलं की म्हैस विकली जाणार नाही, चिंता नसावी. त्यानंतर दोन-तीन वर्षं परदेशातून येणारा प्रत्येक जण आधी तुझ्या म्हशीची चौकशी करायचा. ती मेली तेव्हा तू लिस्टवर कळवलं नाहीस. मी विचारलं तर म्हणालास, “तिचं पान नव्हतं सर.”

आपला एक वाद कधी मिटला नाही. मी म्हणायचो, पानांवर निकाल असावेत. कुणाला काय शंका आली, कुणाचं काय फसलं, हे पुढच्या माणसाला ओझं. तू म्हणायचास की पुढचा माणूस निकालासाठी येतच नाही, तो आपण कुठं पडलो ते बघायला येतो. मी मोठ्या आवाजात वाद घालायचो. कशापायी, ते आता तुला सांगायला नको.

मग ती वेळ आली. जुनी विकी बंद करून सगळी पानं नव्या प्रणालीत न्यायची ठरली. आपल्या विभागाची पानं न्यायचं काम तुझ्याकडे. विकी प्रत्येक पानाच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या ठेवते. कुणी, कधी, काय बदललं ते ओळीनं दिसतं. पेट्यांच्या दिवसांत हे तुला माहीत नव्हतं. आता तुला प्रत्येक पान आतून उघडावं लागत होतं.

एका दुपारी तू माझ्या खोलीत आलास, दारातच उभा राहिलास आणि म्हणालास, “सर, पानं नेताना जुन्या आवृत्त्यांसकट न्यायची, का नुसतं शेवटचं पान? दोन्ही जमतंय.”

मी म्हणालो, “शेवटचं पुरे.”

तू म्हणालास, “एकदा बघून घेता का?”

मी म्हणालो, “नको. तुझ्यावर विश्वास आहे.”

 तू “व्हय सर” म्हणालास आणि गेलास. पानं नेलीस. महिनाभरानं जुना सर्व्हर बंद झाला, आणि त्याबरोबर माझी ती ओळ, तारखेसकट, भाषेची सुधारणा या कारणासकट, गेली. तू सांगितल्याप्रमाणे केलंस. तू ती पाहिली होतीस, याबद्दल मला त्या दुपारीही शंका नव्हती.

त्यानंतर तू एकच गोष्ट बदललीस. माझं कुठलंही तोंडी सांगणं तू घेईनास. एवढं पाणी भरून ठेव म्हटलं तरी हसून म्हणायचास, “तेवढं मेलवर टाका की सर.” मी टाकायचो. निवृत्त होईपर्यंत तुला पाठवलेले माझे असे मेल शेकडो असतील. लोकांना वाटायचं की आमच्यात शिस्त आहे.

गेल्या दिवाळीत तू कोल्हापूरला आलास तेव्हा मी धीर केला होता. चहा समोर होता. मी म्हणालो, गुरुसिद्ध, त्या जुन्या पानाचं. तू मला पुरतं बोलू दिलं नाहीस. “ते सर्व्हर बंद झालं की सर,” म्हणालास आणि बशीत चहा ओतलास. तू मला सोडवत होतास की दार लावत होतास, ते मला कळलं नाही. मी सोयीचा अर्थ घेतला आणि उसाच्या दरावर बोलू लागलो.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी मी एलेनाला मेल केला. तीही आता निवृत्तीला आली आहे. जे घडलं ते सगळं लिहिलं आणि विचारलं की दुरुस्ती कशी करायची. दोन दिवस उत्तर नाही. मग आलं. छापून गेलेल्या निबंधात आता नाव घालता येणार नाही. पेट्यांचं पान नव्या प्रणालीत आहे, त्याला हात लावता येणार नाही, पण त्याच्याखाली दुरुस्तीची नोंद लागू शकते. त्यासाठी दुरुस्ती करणाऱ्याचं नाव हवं, आणि आधाराला एखादा कागद, नाहीतर त्या वेळी पाहिलेलं वा ऐकलेलं माणूस. कागद मीच घालवला होता. उरलेलं माणूस म्हणजे तू. शेवटी तिनं एक ओळ लिहिली होती, की त्या सोमवारी आवृत्त्या उघडून पाहायला तिला दोन मिनिटं लागली असती, पण कोल्हापूरच्या पानावर संशय घ्यावा असं तिच्या मनातही आलं नाही. ही ओळ तिनं मला दोष द्यायला लिहिली की स्वतःला, ते तिनं सांगितलं नाही.

परवा मी एसटीनं पुन्हा गडहिंग्लजला गेलो. महादेवी वहिनी सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. तुझ्या बायकोला हे सांगायचं म्हणून मी वाटेत वाक्यं जुळवली होती, ती काही उपयोगी पडली नाहीत. जसं आठवेल तसं सांगितलं. त्यांनी हात थांबवले नाहीत. सगळं संपल्यावर म्हणाल्या, “मला ठावं हाय ते.”

मी विचारलं, तुम्हाला गुरुसिद्धनं कधी सांगितलं. त्या म्हणाल्या की सांगायला कशाला पाहिजे, माझा फोन आला त्या दिवशी तू जेवत होतास आणि त्या समोरच भाकरी थापत होत्या. “तुमचं मला काय ऐकू आलं न्हाई. ह्यांचं आलं. हे वरडून म्हनत हुते, सर, हवेत वल हाय, चार दीस दम धरूया की. मग म्हनले, तुमी म्हनताय म्हनून करतो, पर लिवून ठेवतो. ताटावरनं तसंच उठून गेले.”

अठरा वर्षं ही बाई मला दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवत होती.

मी एलेनाच्या अटीबद्दल सांगितलं आणि विचारलं, तुमचं नाव घातलं तर चालेल का. त्या म्हणाल्या की आधी वाचून दाखवा, मग सांगते. मी तिथंच बसून नोंद लिहिली. फोन मी केला होता, व्होल्टेज चढवायला मी सांगितलं होतं, गुरुसिद्धनं विरोध केला होता आणि तसं लिहिलं होतं, ती दोन वाक्यं मी काढली, लेखकयादीतून त्याचं नाव मी मागं घेतलं. त्याखाली वहिनींनी जे ऐकलं ते, त्यांच्याच शब्दांत. शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘हे सगळं ठाऊक असूनही गुरुसिद्धनं मला कधी दोष दिला नाही.’

मी सगळं वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्यावर त्यांनी पहिल्यांदाच शेंगा खाली ठेवल्या.

“ते नगो,” म्हणाल्या. “माफ केल्यागत वाटतंय त्यातनं. माफ केलं का न्हाई, ते मी ऐकलेलं न्हाई. ऐकलं न्हाई त्याच्यावर माझी सही नगो.”

मी ते वाक्य गाळलं. त्यांनी सही केली, पूर्ण नाव घालून, सावकाश. मला चहा दिला. एसटीची वेळ त्यांनीच सांगितली.

काल एलेनाचा मेल आला. नोंद लागली आहे. त्या पानावर कुणीही आलं की तुझ्या नावाखाली आता माझं नाव दिसतं, कशासाठी ते दिसतं, आणि महादेवी वहिनींचं नाव दिसतं. माफीबद्दल तिथं काही नाही. ते तुला विचारणं माझं काम होतं, गुरुसिद्ध. मी विचारलं नाही.